शेवटचा वीस

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण गणिताचा नव्हे, पटाचा. शाळेच्या दारात टांगलेला. शाळेत एकूण मुलं किती, एवढंच माझ्यावर लिहीत. काम हलकं, पण माझा तोरा भारी होता.

मला घडवलं गावच्या सुतारकाकांनी, शाळेच्या दाराच्या उरलेल्या लाकडातून. मोठ्या बाईंनी माझ्यासाठी एक रीत घातली. नवीन आलेल्या मुलानं स्वतःच्या हातानं आकडा एकानं वाढवायचा आणि शाळा सोडणाऱ्यानं तो एकानं उतरवायचा. पहिल्या वर्षी मी शहाऐंशीवर गेलो. एका पठ्ठ्यानं तो आकडा एवढा मोठा काढला की माझी चौकटही पांढरी झाली.

मग शहरातल्या शाळेची बस गावात येऊ लागली. कुणी म्हणे तिथली इमारत मोठी, कुणी म्हणे निकाल चांगला. आमचा निकाल काही कमी नव्हता, पण विचारतो कोण? सत्तर, बावन्न, एकतीस. आकडा उतरत गेला आणि गाव माझ्यासमोरून खुशाल ये-जा करत राहिलं. शेवटी वरून पत्र आलं. महिनाअखेर वीसपेक्षा कमी मुलं असली तर शाळा बंद. माझ्यावर तेव्हा नेमका वीस होता.

त्या विसांत सुतारकाकांची नात होती. बाईंनी वर्षभर मधल्या सुट्टीत जीव ओतून तिची निवासी शाळेच्या परीक्षेची तयारी करून घेतली होती. पोरीचं यश पाहून गाव परत येईल, असं त्यांना वाटलं. पोर पहिली आली. गाव काही आलं नाही. उलट निवासी शाळेनं तिचा दाखला त्याच महिन्यात मागितला.

सुतारकाका माझ्याखाली उभे राहून म्हणाले, "बाई, नाही पाठवत मी तिला. वीस राहू द्या."

बाई म्हणाल्या, "काका, तिला अडकवूनच ठेवायचं होतं, तर शिकवलं कशाला?" आणि त्यांनी दाखल्यावर सही केली.

रीत म्हणजे रीत. पोरीनं वीस पुसला, एकोणीस लिहिला आणि तिथंच रडत बसली. मलाही फार रडू आलं, पण लाकडाला ते कुठलं जमायला.

शाळेला कुलूप लागलं. सगळ्यांना काही बस मिळाली नाही. चार मुली घरीच बसल्या. मी सुतारकाकांच्या पडवीत आलो, रंध्यांच्या शेजारी.

सुट्टीत नात आली. मला पाहताच तिनं एकोणीस पुसला आणि वीस लिहिला.

"अगं, शाळाच नाही आता," काका म्हणाले.

"माहितीये आजोबा. पण मी आले ना परत."

काकांनी मान फिरवली आणि ते उगाच रंधा चालवत राहिले.

मित्रांनो, माझा वीस कुणी पुसत नाही, पण तो खोटा आहे. तुमच्या शाळेच्या दारातही आकडा असेल. शहाऐंशीचा सत्तर होईल ना, तेव्हाच थांबा आणि विचारा, कोण गेलं, का गेलं. माझ्यासमोर कुणीच थांबलं नाही.