मंगळवारची भेट

आमच्या लॉ कॉलेजात उमेदवारीचा, म्हणजे विद्यार्थ्यांना न्यायालयात काम शिकायला धाडण्याचा, विभाग मी एकतीस वर्षं सांभाळतो आहे आणि त्यातली निदान वीस वर्षं मी कुरकुरण्यात घालवली, हे मला कबूल आहे. मी ओहायोत नोकरीला लागलो तेव्हा सगळं सुटसुटीत होतं. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी एखाद्या न्यायाधीशाच्या कचेरीत सत्रभर बसायचा, जुने निवाडे शोधून द्यायचा, टिपणं काढायचा. शेवटी न्यायाधीशांची दोन ओळींची चिठ्ठी यायची की मुलगा बरा आहे, आणि त्या चिठ्ठीवर क्रेडिट मिळायचे. मग कॉलेजांना मान्यता देणाऱ्या समितीला जाग आली. दर शुक्रवारी कॉलेजात वर्ग हवा, आपण काय पाहिलं आणि त्यातून काय उमगलं याचं टिपण विद्यार्थ्याने दर आठवड्याला धाडायला हवं, आणि शिक्षकाने सत्रातून एकदा तरी प्रत्यक्ष जाऊन त्याला काम करताना पाहायला हवं, असे एकावर एक नियम आले. अलीकडे समिती थोडी सैलावली आहे. भेट फोनवरही चालते, उमेदवाराने पगार घेतला तरी चालतो. पण आमच्या डीनबाई जुन्या शिस्तीच्या. जाऊन डोळ्यांनी पाहा, भेटीच्या फॉर्मवर तारीख घाला, सही करा, असा त्यांचा खाक्या.

त्या वर्षी माझ्याकडे सहा विद्यार्थी होते आणि त्यातली डेलिया रस्क सगळ्यांत लांब, टार्बेलच्या जिल्हा न्यायालयात होती. टार्बेल म्हणजे गाडीने अडीच तास, मक्याच्या रिकाम्या शेतांतून, फेब्रुवारीत बर्फ तुडवत. मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. मुलगी हुशार होती, अबोल होती. आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, बाप टायरच्या कारखान्यातून घरी बसवलेला. घरात कॉलेजचं तोंड पाहणारी ही पहिलीच. मे महिन्यात पदवी मिळायची होती आणि त्यासाठी उमेदवारीचे चार क्रेडिट पुरे होणं भाग होतं.

तिच्या सहाव्या टिपणात एक परिच्छेद होता. 'मंगळवारी सर येऊन गेले. खिडकीपाशी बसले होते. मी ताबा-हक्काच्या दाव्यावर काय लिहिते आहे ते त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला फार बरं वाटलं.'

मी गेलो नव्हतो. टिपण दोनदा वाचलं आणि मला हसू आलं. मला वाटलं, पोर बिलंदर निघाली. म्हातारा येत नाही हे ओळखून तिनेच आपल्या बाजूने भेट उरकून टाकली. आयतं ताट समोर आलं होतं. मी भेटीचा फॉर्म काढला, त्यावर त्या मंगळवारची तारीख घातली, 'प्रगती समाधानकारक' असं लिहिलं आणि सही केली. असं मी आधी कधी केलं नव्हतं, हे कोणाला खरं वाटणार नाही, पण ते खरं आहे.

सातव्या टिपणात सर पुन्हा आले होते. 'सर म्हणाले, शुक्रवारचा वर्ग हे समितीने मागाहून लावलेलं शेपूट आहे. पूर्वी वर्ग नव्हता तेव्हा काही कोणाचं अडलं नव्हतं.' त्या शुक्रवारी डेलिया वर्गाला आली नाही.

शेपूट हा शब्द माझा होता. शिक्षकांच्या खोलीत कॉफी पिताना मी तो शंभरदा तरी वापरला असेन, पण विद्यार्थ्यांसमोर कधीच नाही. दुपारभर मी खोलीत येरझारा घातल्या आणि शेवटी आमच्या विभागाचं कागदपत्रांचं काम पाहणाऱ्या व्हॅनेटाला विचारलं, "मंगळवारी मी कुठे असतो गं?"

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दहा ते बारा पुराव्याचा कायदा शिकवता. बारापासून पाचपर्यंत माझं डोकं खाता. का? कोणी मैत्रीणबित्रीण मिळाली की काय, टीलसाहेब?"

"एकही मंगळवार चुकला नाही ना?"

"चुकला असता तर मी केक आणला असता," ती म्हणाली.

मी टार्बेलला फोन लावला. न्यायाधीशांची सेक्रेटरी, मिस लोव्हेल, आवाजावरून साठीची वाटली. मी नाव सांगताच ती खुलली. "अहो टीलसर! मंगळवारी इथे हातमोजे विसरून गेलात की. न्यायमूर्ती म्हणत होते, इतक्या वर्षांत कॉलेजातून दर आठवड्याला येणारा माणूस हा पहिलाच. बाकीचे नुसते फोन करतात." मी काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला. 

मग डेलियाला फोनवर गाठलं.

"डेलिया, मी टार्बेलला कधी आलेलोच नाही," मी म्हटलं.

 ती जरा हसली. "सर, माझी परीक्षा घेताय का? साक्षीदाराला गोंधळवतात तशी?"

"तिथे कोणीतरी माझं नाव सांगून येतंय. त्याच्याशी बोलू नकोस."

"पण सर, तुम्हीच..." ती अडखळली. "राग नका मानू. कॉलेजात तुम्ही घड्याळाकडे बघत बोलता. इथे तसं करत नाही. इथे तुम्ही ऐकून घेता." एवढं बोलून तिने कामाचं निमित्त सांगितलं आणि फोन बंद केला.

मला भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटलीच. पण भीतीच्याही आधी मला हेवा वाटला. हे लिहिताना लाज वाटते.

त्याच दिवशी मी डीनबाईंकडे जायला हवं होतं. जिन्यापर्यंत गेलोही. पण तोंड उघडायचं तर आधी स्वतःची खोटी सही कबूल करावी लागणार होती; आणि त्या फॉर्मला हात लागला की डेलियाचे चार क्रेडिट जाणार, तिची पदवी जाणार. समितीची तपासणीही एप्रिलमध्येच यायची होती. मी स्वतःला बजावलं की मी तिच्यासाठीच गप्प बसतो आहे, आणि जिन्यावरून परत फिरलो. पुढच्या दोन मंगळवारी व्हॅनेटाने सांगितलं की मी कॉलेजातच होतो. मी तिला तासातासाला विचारत होतो, तेव्हा तिला ते ठाऊक असणारच. दारावर टकटक झाली की मी दचकत होतो.

आठवं टिपण चार ओळींचं होतं आणि ते शेवटचं निघालं. 'सर म्हणतात, टिपणंही नकोत. पूर्वी न्यायाधीशांची चिठ्ठी पुरेशी होती. माणूस काम करतो ते दिसतंच. त्याबद्दल लिहीत बसायचं कशाला? मलाही ते पटलं.'

पुढचा आठवडा कोरा गेला. त्याच्या पुढच्या सोमवारी व्हॅनेटा एक कागद घेऊन आत आली आणि पहिल्यांदाच तिने थट्टा केली नाही. तो डेलियाचा कॉलेज सोडण्याचा अर्ज होता. कारणाच्या रकान्यात तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पूर्वी वकिलाच्या कचेरीत बसून, वाचून माणसं वकील होत. तेव्हा कॉलेज नव्हतंच. मी इथेच राहून शिकणार आहे.' खाली मार्गदर्शकाची संमती लागते. सही केलेली होती, आणि ती माझीच होती.

"पाच आठवड्यांवर पदवी आली पोरीची," व्हॅनेटा म्हणाली.  "ही सही करताना तुमचा हात कसा धजावला?"

"मी केली नाही."

"मग ही कोणाची? माझी? तिच्या आईचा सकाळपासून तीनदा फोन आलाय, टीलसाहेब. ती बाई रडतेय. काय सांगू मी तिला?"

मी तिच्याकडे एका दिवसाची मुदत मागितली. अर्ज बुधवारी नोंदवायचा, तोवर दाबून ठेवायचा. तिने तो टेबलाच्या खणात टाकला आणि निघून गेली.

मंगळवारी मी वर्ग रद्द केला आणि पहाटेच निघालो. वाटेभर मी तिला सांगायची वाक्यं जुळवत होतो. मी खोटी सही केली, मी आळशी होतो, मी कधी तुझं ऐकलं नाही, हे सगळं डीनबाईंपुढे कबूल करतो; या सत्राऐवजी उन्हाळ्यात दुसरी उमेदवारी मिळवून देतो; पण हा अर्ज मागे घे. एकतीस वर्षांत मला कुठल्याच विद्यार्थ्याची इतकी काळजी वाटली नव्हती. साडेनऊला मी टार्बेलच्या न्यायालयाच्या पायऱ्या धावतच चढलो.

मिस लोव्हेल टंकत होती. तिने मान वर केली आणि कोणाही पक्षकाराकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. "कोणाला भेटायचंय?"

"डेलिया रस्कला."

आतल्या दारामागे कोणीतरी हसलं, अगदी मोकळं, वेळेची काही फिकीर नसलेलं हसू, आणि ते ऐकून मिस लोव्हेलच्याही चेहऱ्यावर हसू आलं. मग दार उघडलं आणि डेलिया बाहेर आली. तिने दार मागे हलकेच ओढून घेतलं. ती छान दिसत होती. विश्रांती मिळालेल्या माणसासारखी. तिच्या हातात पेन होतं.

"डेलिया," मी म्हटलं, "तो अर्ज उद्या नोंदवतील. तू माझ्याबरोबर चल. आत्ता. चूक माझी आहे."

तिने शांतपणे ऐकून घेतलं. पक्षकारांशी कसं वागायचं ते ती चांगलं शिकली होती. "त्याबद्दल तुम्हाला सरांशीच बोलावं लागेल," ती म्हणाली. "ते आतच आहेत. तुम्ही आल्याचं सांगते. नाव काय सांगू?"

मी माझं नाव सांगितलं. पूर्ण, हुद्द्यासकट.

तिने ते लिहून घेतलं नाही. तिने मिस लोव्हेलकडे एकदा पाहिलं, मग माझ्या दंडाला हळूच हात लावला आणि मला बाकावर बसवलं.

"ते तर सरांचं नाव झालं," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "तुमचं?"