पंचकाआधीचा एक बोल्ट

प्रत्येक मुलाला घरात स्वतःची अशी हक्काची जागा मिळाली, तरच त्याचं व्यक्तिमत्त्व खऱ्या अर्थाने फुलतं, असं बालमानसशास्त्र सांगतं. बालमानसशास्त्रातलं रविराजला येणारं हे एकमेव वाक्य. तेही त्याने पाठ केलं होतं, ते स्वतःला डबलबेडवर झोपायला मिळावं म्हणून.

मुलगी झाली तेव्हा बाळ-बाळंतिणीला ऐसपैस जागा हवी, असं म्हणून रविराज उशी घेऊन हॉलमधल्या सोफ्यावर गेला. दोन महिन्यांचा प्रश्न होता. ती मुलगी, उत्कर्षा, आता तिसरीत होती. सोफा पाच फुटी आणि रविराज पाच फूट नऊ इंच. वरच्या नऊ इंचांची सोय त्याने गुडघ्यात केली होती. शिवाय पहाटे पाचला त्याचे वडील सोनबा हॉलमध्ये येत आणि टीव्हीवर कांद्याचे बाजारभाव लावत. वारज्यातली त्यांची कांद्याची जमीन बारा वर्षांपूर्वी बिल्डरकडे गेली होती आणि आता त्याच जमिनीवरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, हे कुटुंब राहत होतं. तरीही भाव पडला की सोनबांना चहा गोड लागत नसे.

घरात तिसरी खोली होती. तिच्यात इस्त्रीला जायचे कपडे, इस्त्री होऊन आलेले कपडे आणि एक ट्रेडमिल राहत असे. ट्रेडमिल एकूण अकरा दिवस चालली होती, त्यांतले चार दिवस पाहुण्यांना दाखवण्यासाठी. ही खोली उत्कर्षाला द्यायची आणि तिथे लॉफ्ट बेड आणायचा, असं रविराजने ठरवलं. म्हणजे वर झोपायचं, खाली अभ्यासाचं टेबल, बाजूला कप्पे आणि ड्रॉवर. मुलगी वर गेली की बाप आपल्या पलंगावर.

निवडीला दहा महिने लागले.

रविराज चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता. गाड्यांना लागणारे बोल्ट पास करायचे की नापास, हे तो ठरवत असे. त्यामुळे त्याने बेडचाही तक्ता केला. पण त्याची बायको पूर्णिमा एका पतसंस्थेत कर्जाचे अर्ज तपासायला होती. त्रुटी काढण्यात तिच्यापुढे क्वालिटी विभाग म्हणजे बालवाडी.

"ही शिडी अगदीच सरळ आहे," पहिल्या बेडला ती म्हणाली. "पोरगी झोपेत उतरली तर?"

दुसऱ्याचा कठडा बुटका होता. गादी घातली की त्यातलं बोटभरच उरत होतं. तिसरा लाकडाच्या भुशाचा होता आणि पावसाळ्यात फुगला असता. चौथ्याला ड्रॉवर नव्हते. पाचव्यात काहीच वाईट नव्हतं, तेव्हा पूर्णिमा म्हणाली, "इतकं सगळं चांगलं असतं का कधी? काहीतरी असणार." सहावा गुलाबी होता. उत्कर्षाला जूनमध्ये गुलाबी आवडायचा. सप्टेंबरमध्ये तिने गुलाबी आवडणाऱ्या मुलींशी बोलणं बंद केलं होतं.

"आपण दिवाळीनंतर बघू या का?" पूर्णिमा म्हणाली.

"मागच्या दिवाळीनंतरच बघायला लागलोय आपण."

शेवटी रविराजने ऑफिसच्या बसमध्ये बसून, कोणालाही न विचारता, सातवा बेड मागवून टाकला. घरी सांगितलं तेव्हा पूर्णिमाने आधी ऑर्डर दोनदा वाचली. मग म्हणाली, "परत करायची मुदत किती दिवसांची आहे?" एवढी सावध बायको मिळाल्याबद्दल रविराजला बरं वाटलं.

पाच खोकी गुरुवारी आली. जोडणारा माणूस शनिवारी दहा ते एकच्या मध्ये येणार होता. तो अकराला दहा कमी असताना आला. भीमराव त्याचं नाव, अकोल्याकडचा, पन्नाशीचा, कमरेला हत्यारांचा पट्टा. त्याने खोकी पाहिली, खोली पाहिली, ट्रेडमिल पाहिली.

"हे कोण वापरते जी?"

"सगळेच," रविराज म्हणाला.

भीमरावने ट्रेडमिल ढकलून कोपऱ्यात नेली आणि खोक्याला चाकू लावला. तेवढ्यात रविराजची आई, मथुराबाई, स्वयंपाकघरातून आल्या. त्यांच्या हातात भिंतीवरून काढून आणलेलं कॅलेंडर होतं, दुधाच्या खाड्यांच्या फुल्यांसकट.

"थांबा. अकरा बावीसला पंचक लागतंय."

"लागू दे की," रविराज म्हणाला.

"पंचकात खाट करीत न्हाईत."

"आई, ही खाट नाहीये. लॉफ्ट बेड आहे."

"त्याच्यावर झोपायचं का?"

"हो."

"मग खाट. आन् त्याच्या खाली बसून काय करायचं म्हनलास?"

"अभ्यास."

"म्हंजी वरचं छप्पर झालं. पंचकात छप्परबी घालीत न्हाईत. तू तर दोन्ही एकदमच करायला बसलायस."

क्वालिटी विभागात एका मालावर एकाच वेळी दोन स्वतंत्र आक्षेप आले, तर माल परतच जात असे.

सोनबा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी पुस्तिकेवरचं चित्र लांब धरून पाहिलं. "आरं, ह्यो तर राखनीचा माळा हाय. ज्वारी हुरड्यात आली की आमी बांधायचो रानात, पाखरं हाकायला. चार मेढी आन् एक कासरा. गोफन कुठं हाय ह्याची?"

"आप्पा, जरा थांबा."

"थांबलोय की. मला कुठं जायचंय?"

भीमरावने मोबाइलमध्ये पाहून सांगितलं, की आज नाही झालं तर पुढची तारीख अठरा दिवसांनी आहे. अठरा दिवस म्हणजे आणखी अठरा पहाटेचे बाजारभाव. रविराजचे गुडघे आपोआप दुखायला लागले.

"आई म्हणतात ते बरोबर आहे," पूर्णिमा अचानक म्हणाली. "अठरा दिवसांनीच करू. एवढी काय घाई?"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. पूर्णिमा सासूच्या बाजूने बोलल्याचा हा पहिलाच प्रसंग. मथुराबाई स्वतःच इतक्या बिचकल्या, की त्यांनी लगेच माघार घेतली.

"तसं न्हाई," त्या म्हणाल्या. "पंचकाच्या आदी काम सुरू झालेलं असलं, तर चालतंय. सुरू झालेलं काम थांबवीत न्हाईत. एक खिळा बसला तरी पुरं."

"आमच्या इकडे बी असंच म्हणतात जी," भीमरावने दुजोरा दिला. "पन पयले सगळे पार्ट मांडून घ्या लागते. त्याले अर्धा घंटा लागन."

घड्याळात अकरा चौदा झाले होते.

पुढची आठ मिनिटं या घराच्या इतिहासात नोंद होण्यासारखी गेली. मथुराबाईंनी हळदकुंकू आणलं. उत्कर्षाने एक खोकं फाडलं, ते ड्रॉवरचं निघालं. दुसरं फाडलं, त्यात फक्त थर्माकोल होता, असं सगळ्यांना वाटलं. मग थर्माकोलखाली खांब निघाले. भीमराव पुस्तिकेचं पहिलं पान उघडून चष्मा शोधत होता. अकरा वीसला रविराजने त्याच्या हातून बोल्टची पिशवी घेतली. बोल्ट हा त्याचा विषय होता. त्याने शिडीचा खांब उभा केला, आडवी पट्टी लावली, बोल्ट घातला आणि कंपनीत लेखी सूचना असते तेवढ्याच जोराने आवळला.

"अकरा एकवीस," उत्कर्षाने जाहीर केलं.

मथुराबाईंनी बोल्टला हळदकुंकू लावलं. सोनबांनी टोपी सारखी केली. पूर्णिमा चहा ठेवायला गेली.

चहा पिता पिता भीमरावला चष्मा सापडला. त्याने पुस्तिका पाहिली, खांब पाहिला आणि बशी खाली ठेवली.

"साहेब, हे शिडी डावीकडे घेतली जी तुम्ही."

"मग?"

"या बेडची शिडी डावीकडे बी लागते, उजवीकडे बी लागते. कुठं, ते पयल्याच बोल्टात ठरते. तुम्ही खिडकीची भिंत दाखवली. तिथं डावीकडे तुमचं भिंतीतलं कपाट आहे. शिडी आली का कपाट उघडत नाही." त्याने पाना उचलला. "दोन मिनिटांचं काम आहे. खोलतो अन् तिकडून लावतो."

"हात लावू नका त्याला," मथुराबाई म्हणाल्या.

"अहो मावशी, एकच बोल्ट आहे."

"त्योच बोल्ट पंचकाच्या आदीचा हाय. त्यो काढला म्हंजी काम मोडलं. पुन्हा लावला म्हंजी पंचकात सुरू केलं. मग एवढं सगळं कशापायी केलं?"

भीमराव रविराजकडे बघू लागला. रविराज बोल्टकडे. मागे एकदा कंपनीत चुकीच्या जागी, पण अतिशय उत्तम आवळलेला बोल्ट त्याने नापास केला होता आणि जोडणाऱ्याला चांगलं सुनावलंही होतं. तो माणूस त्याला आता आठवला.

"बोल्ट तसाच ठेवून काय करता येईल?" त्याने विचारलं.

"बोल्ट नाही फिरत, तं खोली फिरवा लागन," भीमराव म्हणाला.

खोली फिरवली. खिडकीची भिंत सोडली आणि बेड समोरच्या, दाराकडच्या भिंतीला उभा राहू लागला. तो एकेक खांब करून वाढला. सोनबा मधूनमधून येऊन सांगत, की माळ्याला चारी बाजूंनी चढता यायचं आणि एवढ्या वेळात त्यांची चार एकराची राखण झाली असती. भीमराव "हो जी" म्हणे आणि पुढचा बोल्ट घेई. रविराज प्रत्येक बोल्ट आवळून झाल्यावर स्वतः पुन्हा तपासत होता. सदतीस बोल्ट होते. सदतीसही पास झाले.

साडेतीनला बेड पूर्ण झाला. कठडा घट्ट, टेबल पातळीत, ड्रॉवर बोटाने ढकलले तरी सरकत. फक्त खोलीचं दार आता बेडच्या पायाला लागून थांबत होतं. रविराजने टेप लावली. दार सव्वा फूट उघडत होतं.

"माणूस जाते जी," भीमराव म्हणाला आणि अंग आडवं करून त्याने बाहेर पडून दाखवलं. त्याचा हत्यारांचा पट्टा मागून वेगळा द्यावा लागला.

ट्रेडमिल मात्र जाणार नव्हती. ती आता कायमची या खोलीची झाली. टेबलासमोर खुर्ची मावेना, तेव्हा भीमरावनेच सुचवलं, की पोरगी ट्रेडमिलवर बसून अभ्यास करेल, फक्त बटण बंद ठेवा. मथुराबाईंनी एकदा आत जायचा प्रयत्न केला, अर्ध्यावर विचार बदलला आणि बाहेरूनच दृष्ट काढली. भीमरावला कंपनीला पाठवायला बेडचा पूर्ण फोटो हवा होता. बेड मावेल इतकं मागे सरकायला जागा नव्हती, म्हणून त्याने तीन फोटो काढले आणि तुकड्यातुकड्याने पाठवले.

"मी आजपासून इथेच झोपणार," उत्कर्षा वरून म्हणाली. "कोणी विचारल्याशिवाय आत यायचं नाही."

"विचारून तरी कोन येतंय?" मथुराबाई दारातून म्हणाल्या.

त्या रात्रीपुरतं रविराजने हॉलमध्येच राहायचं, असं ठरलं. पोरगी घाबरून खाली आली तर तिला जागा हवी, असं पूर्णिमाचं म्हणणं. चाचणी घेतल्याशिवाय माल पाठवायचा नाही हे रविराजलाही पटत होतं. पोरगी घाबरली नाही. खाली आली नाही. रविवारी सकाळी साडेआठला तीच सोफ्यापाशी आली, आणि शिडी मस्त आहे म्हणाली.

रविराजने चहा घेतला. आंघोळ केली. मग त्याने सोफ्यावरची उशी उचलली, चादरीची घडी केली, मोबाइलचा चार्जर भिंतीतून काढला आणि आठ वर्षांनी बेडरूमकडे निघाला. सोनबांनी टीव्हीचा आवाज कमी करून त्याला वाट दिली.

पूर्णिमा पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. पलंग चांगला रुंद होता. रविराजला तो आठवत होता त्याहूनही रुंद.

"हे काय?" ती म्हणाली.

"उशी."

"ते दिसतंय. कुठे निघालात?"

"इथेच. उत्कर्षा तिकडे झोपली की काल. सलग नऊ तास."

पूर्णिमाने टॉवेलची घडी घातली. मग ती मोडून पुन्हा घातली.

"अहो, बसा जरा."

रविराज उशी मांडीवर घेऊन बसला.

"ती दीड वर्षाची होती तेव्हाच वेगळी झोपायला तयार होती," पूर्णिमा म्हणाली. "आईंच्या शेजारी झोपायचं म्हणून रडायची. मीच म्हटलं, राहू दे माझ्यापाशी."

"का?"

"म्हटलं, तुम्हाला वाईट वाटायला नको."

"कशाचं?"

"तुम्ही घोरता."

रविराजने थोडा विचार केला. अकरा वर्षांच्या नोकरीत त्याने पुराव्याशिवाय एकही आक्षेप मान्य केला नव्हता.

"कशावरून?"

पूर्णिमाने मोबाइल उघडला, जरा मागे जाऊन एक रेकॉर्डिंग काढलं आणि मोबाइल त्याच्या उशीवर ठेवला. त्यावर तारीख होती, वेळ होती. रेकॉर्डिंग चार मिनिटं बारा सेकंदांचं होतं. रविराजने ते शेवटपर्यंत ऐकलं.

रविराज घोरतो.