बावीस तासांचा थांबा

स्वस्त तिकीट हवं असेल तर बिशारा सायेघकडे जा, असं अम्मानमधल्या जबल अल-हुसैन या टेकडीच्या चढावर कोणीही सांगितलं असतं. तीस वर्षं तो या धंद्यात होता. कुठल्या महिन्यात कुठलं भाडं उतरतं, कुठल्या वारी विमानं रिकामी जातात, सरळ जाण्याऐवजी वाकडं गेलं तर किती वाचतं, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. त्याची बायको अफाफ म्हणायची, "ह्याला स्वर्गात बोलावलं तर हा आधी विचारेल, मध्ये कुठं थांबून गेलं तर कमी पडेल का?" तो स्वतः मात्र आयुष्यात कधी विमानात बसला नव्हता. वेळच आली नाही, असं तो लोकांना सांगायचा. खरं तर त्याला भीती वाटायची.

अबू रिज्क त्याच्याकडे आला तो ईस्टरआधीच्या, लेंटच्या उपासाच्या दिवसांत. म्हातारा दगड घडवणारा होता. निम्म्या शहराच्या घरांना त्याच्या हातचा दगड होता आणि त्या दगडांची धूळ त्याच्या छातीत होती. दोन वाक्यं बोलला की तो खोकायचा. त्याचा मुलगा रिज्क चौदा वर्षांपूर्वी चिलीला, सँतियागोला गेला होता. आता त्याला मुलगा झाला होता आणि त्यानं बापाला बोलावणं धाडलं होतं. आई, उम्म रिज्क, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे अंथरुणाला खिळलेली, म्हणून म्हातारा एकटाच निघाला होता.

बिशारानं भाडं सांगितलं. म्हातारा खोकला आणि म्हणाला, "आणखी थोडं कमी?"

बिशारानं आणखी शोधलं. एक तिकीट सापडलं, जवळजवळ निम्म्या भाड्याचं. फक्त मध्ये एका विमानतळावर बावीस तास बसायचं.

"बसायचंच ना?" अबू रिज्क म्हणाला. "आयुष्यभर उकिडवा बसून दगड ठोकले मी. तिथं तर खुर्ची असेल."

त्या दिवशी दुकानात गर्दी होती. तिघं जण खोळंबले होते. बिशारानं घाईघाईनं एका कागदावर सगळं लिहून दिलं. म्हाताऱ्यानं कागद डोळ्यांसमोर धरला, ओठ हलवले, "कळलं, कळलं" म्हणाला आणि घडी करून कोटाच्या खिशात ठेवला.

तो सँतियागोला पोचलाच नाही. पुढच्या विमानाची वेळ झाली तेव्हा चौतीस नंबरच्या गेटासमोर, बाकाच्या कडेच्या खुर्चीवर तो बसलेला सापडला. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. झोपला असेल म्हणून झाडणारी बाई दोनदा त्याच्या पायांभोवतून झाडून गेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. जाऊन चार-पाच तास झाले असावेत. आणि त्याआधी बराच वेळ त्याला त्रास होत असणार.

प्रेत अम्मानला आणलं. रिज्कही आला. दफनाच्या दिवशी त्यानं बापाच्या खिशातल्या वस्तू टेबलावर मांडल्या होत्या: जपमाळ, रुमाल, चष्मा नसलेली चष्म्याची डबी, आणि बिशाराच्या अक्षरातला कागद. बिशारा सांत्वनाला गेला होता. त्याची नजर पहिल्याच ओळींवर पडली. गेट ३४. इथंच बसा. इथून हलू नका.

हातातला कडू कॉफीचा पेला त्यानं तसाच खाली ठेवला.

त्यानंतर दुपारच्या वेळी, दुकान रिकामं असताना, समोरच्या खुर्चीवर कोणीतरी खोकू लागलं. पहिल्यांदा बिशाराला वाटलं, बाहेरचा फलाफलवाला असेल. मग आवाज ओळखू आला. तो मान वर करायचा, खुर्ची रिकामी. मान खाली घालून पडद्यावरची भाडी चाळू लागला की अगदी कानाशी, हळू, अजिजीनं: "आणखी थोडं कमी?"

त्यानं अफाफला सांगितलं. अफाफनं दुकानात धूप फिरवला, उंबऱ्यावर तीर्थ शिंपडलं, फादरना बोलावून प्रार्थना म्हणवून घेतली. फादर जाईपर्यंत सगळं शांत होतं.

आता बिशारा कोणाला लांब थांब्याचं तिकीट देईना. विद्यार्थी यायचे, परदेशी कामाला जाणारी पोरं यायची, हात जोडायची. तो म्हणायचा, "नाही, सरळ जाणारंच घ्या." लोक हसू लागले. शेजारचा सोनार त्याला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारून म्हणाला, "अबू नस्री, तुझ्यापेक्षा माझं सोनं स्वस्त झालं की रे!" गिऱ्हाईक तुटलं. दोन वर्षांत दुकानात फक्त लग्न होऊन हनिमूनला निघालेले येऊ लागले. त्यांना भाड्याची पर्वा नव्हती.

आणि मग एका सकाळी, काठी टेकत, उम्म रिज्क आली.

बिशारा उठून उभा राहिला. ती नेमकी त्याच, खोकल्याच्या खुर्चीवर बसली. तिनं काठी गुडघ्यांत धरली आणि म्हणाली, "मला सँतियागोला जायचंय. नातू तीन वर्षांचा झाला, अजून मला फोनमधली बाई समजतो."

"काढून देतो, मावशी. एकाच ठिकाणी विमान बदलायचं, तेही दोन तासांत..."

"ते नको. ह्यांचं होतं तेच दे."

"ते आता नाही मिळत."

"खोटं बोलू नकोस. शेजारच्या पोरानं फोनवर दाखवलं मला. थांबा एकोणीस तासांचा झालाय एवढंच."

"मावशी, वरचा फरक मी भरतो. तुम्ही फक्त—"

उम्म रिज्कनं काठी आपटली. "तुझी भीक मागायला आले का मी? मला तिथं बसायचंय. ते कुठं बसले होते ते मला बघायचंय. चव्वेचाळीस वर्षं त्यांच्या उशाशी होते मी, आणि शेवटी कोण होतं? झाडू!"

बिशाराचा धीर सुटला. दोन वर्षं जे अफाफलाही नीट सांगता आलं नव्हतं ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "मी मारलं त्यांना, मावशी. मीच लिहून दिलं होतं, हलू नका म्हणून. त्यांना दुखत असेल, पाणी हवं असेल, आणि माझ्या शब्दाखातर ते तिथंच बसून राहिले."

मग तिच्या घशातून एक कोरडा आवाज आला. हसू होतं की काय, त्याला कळेना.

"अरे बाबा, त्यांना वाचता कुठं येत होतं?"

बिशारानं आपली खुर्ची ओढली आणि बसला.

"आकडे यायचे. दगडाचं माप घेण्यापुरते. चौतीस ओळखलं असेल. बाकी त्यांच्या लेखी सगळ्या मुंग्या. तुझ्यासमोर वाचल्यासारखं केलं ना? फादरसमोरही करायचे. पुस्तक उलटं धरलं तर मी कोपर मारायची."

हलके हलके ते बिशाराच्या ध्यानात आलं. मग त्याला कागदाचा खालचा भाग आठवला. खाली त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं: या गृहस्थांना फक्त अरबी येतं, छातीचा त्रास आहे, कृपया मदत करा. आणि त्यावर अरबीत: काही लागलं तर हा कागद कोणालाही दाखवा.

मदत त्यांच्या खिशातच होती. एवढं एक वाक्य तोंडानं सांगितलं असतं तर! पण तिघं जण खोळंबले होते.

"मग ते हलले का नाहीत?" त्यानं विचारलं.

"हलून जायचं कुठं, ते कळलं नसेल," उम्म रिज्क म्हणाली. "तू तिकीट काढ."

त्यानं दोन तिकिटं काढली. एक सँतियागोपर्यंतचं. दुसरं स्वतःसाठी, त्या मधल्या विमानतळापर्यंत, आणि तिथूनच उलटं अम्मानला परतायचं. अफाफ ओरडली, "तू? विमानात? इमारतीच्या गच्चीवर वाळवण घालायला चढत नाहीस तू!" पण त्याची पिशवी तिनंच भरली.

विमान वर उठलं तेव्हा बिशारानं डोळे मिटून उम्म रिज्कची काठी पकडली. ती म्हणाली, "काठी मोडशील. माझा हात धर." तिचा हात जाडाभरडा आणि गरम होता.

सकाळी आठ वाजता ते चौतीस नंबरच्या गेटाशी पोचले. लांबच लांब खिडकी, करड्या खुर्च्यांच्या रांगा. कोणती खुर्ची ते कोणालाच माहीत नव्हतं. उम्म रिज्क एकेक खुर्चीवर हात ठेवत रांगेच्या कडेपर्यंत गेली आणि कडेच्या खुर्चीवर बसली. "हीच," ती म्हणाली. "त्यांना डाव्या अंगाला भिंत लागायची."

ती दिवसभर तिथं बसली. दुपारी तिनं पिशवीतून भाकरी, झातरची कोरडी चटणी आणि उकडलेली अंडी काढली. तिघांपुरती होती. बिशारानं विचारलं नाही. समोरून माणसं धावत होती, चाकांच्या पिशव्या खडखडत होत्या, निवेदन करणारी बाई कुठल्या कुठल्या भाषांत लोकांना हाका मारत होती. त्यातली एकही भाषा म्हाताऱ्याची नव्हती. पाण्याचा नळ वीस पावलांवर होता, पण खांबाआड. खुर्चीवरून दिसत नव्हता. बिशारानं ती पावलं दोनदा मोजली.

जेवण झाल्यावर उम्म रिज्कनं कनवटीचा कागद काढला. घड्यांवर फाटायला आलेला.

"वाच."

"मावशी, आता कशाला?"

"मलाही येत नाही. दोन वर्षं उशाशी घेऊन झोपते. वाच. मोठ्यानं."

तो वाचू लागला. गेट ३४. इथंच बसा. इथून हलू नका, नाही तर गेट चुकेल. पाणी खांबामागे आहे. विमान सकाळी सहाला. काही लागलं तर हा कागद कोणालाही दाखवा. पाण्याचं आपण लिहिलं होतं, हे तो साफ विसरला होता. कुणा प्रवाशाला विचारून लिहिलं असेल. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर कोणीतरी लक्ष देऊन ऐकतंय असं त्याला स्पष्ट जाणवलं. कोटाला येणारा दगडाच्या धुळीचा वास. संथ, घरघरणारा श्वास. त्यानं तिकडे बघितलं नाही. उम्म रिज्कनं बघितलं. बराच वेळ ती त्या खुर्चीकडे बघत राहिली, आणि तिकडे काहीतरी पुटपुटली, ते बिशारासाठी नव्हतं.

मग ती आडवी झाली आणि झोपली. बिशारा तिच्या छातीची हालचाल बघत बसला. निळ्या कपड्यांतली झाडणारी बाई आली तेव्हा त्यानं उठून हातानंच खुणावलं: जिवंत आहे, झोपलीय. बाईनं मान डोलावली आणि पुढं गेली.

पहाटे उम्म रिज्कला विमानात बसवलं. तिनं आशीर्वाद दिला नाही, दोषही दिला नाही. फक्त म्हणाली, "सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवत जा."

तिची परतीची तारीख जूनची होती. त्या दिवशी बिशारा स्वतः गाडी घेऊन अम्मानच्या विमानतळावर गेला. विमान उतरलं. काचेच्या दारातून माणसं आली, मिठ्या पडल्या, कोणी आनंदानं किलकारी मारली. शेवटी वैमानिकही गेले. उम्म रिज्क आली नाही.

त्यानं तिला फोन लावला. बंद. रिज्कला लावला. उचलेना. खिडकीवरच्या पोरीनं पडद्यावर बघून सांगितलं, "या नावाचं कोणी चढलेलंच नाही." कुठून चढलेलं नाही, हे तिला सांगता येईना. बिशाराच्या डोळ्यांपुढं करड्या खुर्च्यांची रांग आली. तो भिंतीला धरून खाली बसला. दीड तास तो तिथं बसून होता.

मग रिज्कचा फोन आला. मागे पोराचा दंगा चाललेला. "अबू नस्री, माफ करा, आज उशिरापर्यंत झोपलो होतो. आई राहिलीय इथंच. नातू सोडेना. मी म्हटलं, बिशारांना कळवतो, तर म्हणते, नको, तारीख बदलायचे पैसे घेईल तो!"

"बरी आहे ना?" बिशारानं विचारलं.

"बरी? सकाळपासून माझ्या बायकोला भात शिकवतेय."

बिशारा गाडीत जाऊन बसला. किल्ली लावायला गेला तर खोबणीत दुकानाचीच किल्ली घालत होता. दोनदा प्रयत्न करून त्यानं नाद सोडला आणि अफाफला फोन केला.

"टॅक्सी करून ये," तो म्हणाला. "मला घरी घेऊन चल."

अफाफ चाळीस मिनिटांत पोचली. त्याला बाजूच्या सीटवर सरकवलं, स्टिअरिंग हातात घेतलं आणि शहराकडे निघाली.