तळ्यातल्या खुंट्याचे जळके टोक

मित्रांनो, मी एक जुना खुंटा आहे, लार्चच्या लाकडाचा. बावीस वर्षे तळ्यात उभा राहून मी लोकांना पाणी किती आहे ते सांगितले, आणि बावीस वर्षे चुकीचे सांगितले. हे आधीच कबूल केलेले बरे.

दूर उत्तरेच्या थंड मुलखात, लेना नदीच्या पूर्वेला, जंगलाच्या मधोमध आमचे गोल, खोलगट कुरण आहे आणि कुरणाच्या पोटात तळे. उन्हाळ्यात वरची माती तेवढी वितळून मऊ होते, खाली बारमाही बर्फ. तळे वाढले की कुरण बुडते, आटले की गवत सुकते. म्हणून ओखोनोने मला पाण्यात रोवायचे ठरवले. लाकूड कुजू नये म्हणून त्याने माझे खालचे टोक शेकोटीत भाजले. वरचे टोक त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने, कुन्नेयने, धरले होते.

"फिरव गं, फिरव! एकाच बाजूनं भाजलं तर मासासुद्धा कच्चा राहतो."

"बाबा, माझी पापणी जळली!"

"पापणी येईल परत. खुंट्याला खालून कोंब नाही फुटायचा."

माझा काळा भाग पुरता चिखलात गेला. वर पाणी ओखोनोच्या गुडघ्यापर्यंत होते. पुढे दरवर्षी, गवतकापणीच्या आधी, तो धिरड्याचा तुकडा तळ्याला वाही आणि पाण्याच्या रेषेवर माझ्या अंगावर एक खाच पाडी. खाचा जवळजवळ एकाच जागी पडत गेल्या. "माझा खुंटा खोटं बोलत नाही," असे तो आल्यागेल्याला सांगे. मला अभिमान वाटे.

खरे असे होते की हिवाळ्यात तळे तळापर्यंत गोठे, फुगलेला बर्फ मला बोटभर वर उचले, आणि उन्हाळ्यात माझ्याखालच्या पोकळीत गाळ भरे. मी पुन्हा खाली बसतच नसे. तिकडे पाणीही दरवर्षी तेवढेच चढत होते. आम्ही दोघे बरोबरीने चढत होतो, म्हणून कोणाला कळले नाही. मलाही नाही.

काठावर मात्र खुणा होत्या. पाणी जिथे साचे तिथे जमिनीतला बर्फ वितळे. झाडे झिंगल्यासारखी एकमेकांवर कलली. गाईंच्या आवडत्या गवताच्या जागी लव्हाळे आले. बदके तेवढी खूश होती. ओखोनोचे गुडघे दुखू लागले होते. तो होडीतून येई, खाच पाडी, परत जाई.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. जूनमध्ये कुन्नेय शहरातून आली. काठावरच्या तळघरात तळ्यातून कापलेल्या बर्फाच्या लाद्या असतात. उन्हाळ्याचे पिण्याचे पाणी तेच. त्या तळघराच्या भुईवर तिला ओल दिसली. तळघर वर टेकाडावर न्यायला हवे, असे ती म्हणाली. पण ते एकटीचे काम नव्हते, आणि शेजारचे उइबान काका हलेनात.

"पोरी, शहरात नळ गळला की घर बदलता का तुम्ही? बापाच्या खुंट्याला विचार. पाणी आहे तिथंच आहे. काठ ढासळतोय, एवढंच."

"आणि तळघर बुडलं तर प्यायचं काय, काका?"

"चहा!"

ती हसली नाही. होडी न घेता पाण्यात उतरली. माझ्यापाशी पोहोचेपर्यंत पाणी तिच्या कमरेला लागले होते. ती थबकली. मग वाकून तिने हात माझ्या अंगावरून खाली सरकवला. चिखल लागायच्या दोन विती आधीच तिच्या बोटांना खरखरीत लाकूड लागले. तिने हात वर काढला. तळवा काळा झाला होता.

"काका! हा वर आलाय! हे जळकं टोक चिखलाच्या आत होतं. बाबांनी गाडलं तेव्हा मी इथंच होते."

काकांनी बूट काढले, पाण्यात उतरून स्वतः चाचपले.

"ओखोनो, लेका, होडीतून कशाला यायचास रे," ते हळूच म्हणाले. आणि मग मोठ्याने, "पहारी किती आहेत गं तुमच्याकडे?"

त्या दिवशी कुन्नेयने जेवायला बसेपर्यंत हात धुतला नाही.

जुलै संपण्याआधी टेकाडावर नवे तळघर झाले आणि लाद्या गवतात गुंडाळून तिकडे गेल्या. ऑगस्टमध्ये जुन्या तळघरात पाणी शिरले, तेव्हा ते रिकामे होते. काका मला उपटून चुलीत घालायला निघाले.

"राहू द्या काका," कुन्नेय म्हणाली. "जमिनीनं उचललं, त्याला बिचाऱ्याला काय कळणार? बाबांनाही नाही कळलं."

यंदाची खाच तिने वडिलांच्याच सुरीने पाडली. मग पाण्यात हात घालून माझा काळा भाग किती वर आला तेही मोजले. आता ती दोन्ही मापे लिहून ठेवते. टेकाडावरच्या तळघरातल्या बर्फाचा चहा काका रोज पितात आणि फार गोड आहे म्हणतात.

मित्रांनो, मी समाधानी आहे. माझ्या अंगावरच्या खाचा जरूर वाचा, त्या एका भल्या माणसाने मन लावून पाडल्या आहेत. पण वर्षातून एकदा होडी काठाला ठेवा, पाण्यात उतरा आणि माझे जळके टोक हाताने चाचपून पाहा.