इशिताची फाइल

ऋतुजा रोह्याच्या दवाखान्यात नर्स होती तोवर पेणच्या सासरी तिची काय पत होती, विचारूच नका. ड्युटीवरून आली की मागच्या दारानं आत, आधी अंघोळ, मग स्वयंपाकघर. सासूबाई वृंदाताई निवृत्त मुख्याध्यापिका. जन्मभर पोरांना समतेचे धडे दिलेल्या. पण सुनेनं रोग्याचं भांडं उचललं म्हणजे जणू घरच विटाळलं! पाहुण्यांत विषय निघाला की "ती दवाखान्यात असते" एवढंच म्हणायच्या आणि घाईघाईनं चहाचं विचारायच्या. धरमतरकडच्या मिठागरावर राबणाऱ्या काळुरामची ही लेक थोरल्या मुलानं, यज्ञेशनं, स्वतः पसंत करून आणली, हे दुखणं आणखी वेगळंच.

मग ऋतुजानं रात्रीचा दिवस करून कोर्स केला आणि त्याच दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात गेली. रोग्यांच्या नोंदी, तपासण्या, औषधं नीट भरली जातायत का बघायचं, वॉर्डातल्या नर्सना शिकवायचं. झालं! सासूबाईंना सुनेचा उमाळा आला. "आमची ऋतुजा सिस्टीम सांभाळते हो!" गल्लीभर दवंडी. लोणच्याच्या बरणीला शिवायची बंदी असलेल्या हातांचे मोदक आता वाखाणून खाल्ले जाऊ लागले. ऋतुजाला त्या कौतुकाची किळस यायची. माणसाचा घाम पुसणारे हात घाणेरडे आणि माउस धरणारे पवित्र! काय अक्कल म्हणावी ही?

कौतुक कशासाठी चाललंय, ते एका रविवारी कळलं. धाकट्या दिराला, ध्रुवला, रोह्याची इशिता सांगून आली होती. पोह्यांच्या ताटल्या पुढे ठेवून सासूबाई लाडात आल्या. "अगं, तुझ्या कॉम्प्युटरमध्ये तिची फाइल असेलच. बघ ना जरा. काही लपवलंबिपवलं असेल तर आधीच कळेल."

"आई, तसं बघता येत नाही. कोणी कोणाची फाइल उघडली त्याची नोंद राहते. माझी नोकरी जाईल."

"पाच मिनिटांचं तर काम! मग घरचं माणूस तिथं असून उपयोग काय?"

ऋतुजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वॉर्डात तिनं कोणाकोणाचं काय काय बघितलं होतं, पण त्यातलं अक्षरही ओठांबाहेर काढलं नव्हतं. आणि ही शिकलीसवरली बाई परक्या पोरीची दुखणी चिवडायला निघाली होती, तेही पोहे खात! नाही म्हटलं तर उद्यापासून पुन्हा मागचं दार. हो म्हटलं तर इशिताचं नाव गावभर व्हायला आठवडाही लागणार नव्हता.

"मग नियमानं करू," ती म्हणाली. "इशिताची लेखी परवानगी मागू, ध्रुवभावजींचीही. दोन्ही फायली दोन्ही घरांसमोर वाचू."

सासूबाई खो खो हसल्या. "घे, त्याचीही घे! माझ्या पोराला काय धाड भरलीय?"

ध्रुव मात्र हसला नाही. कानापर्यंत लाल झाला. "आई, नको. पुरे आता," म्हणाला आणि ताटली तशीच ठेवून ओटीवर गेला.

वृंदाताईंचं तोंड खर्रकन उतरलं. त्या सुनेजवळ सरकल्या. "काय झालंय गं त्याला? तुला ठाऊक असेल."

ऋतुजाला खरंच काही ठाऊक नव्हतं. "नाय माहीत. आणि माहीत असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं." मग ती ओटीच्या दारात गेली. "भावजी, जे काय असेल ते इशिताला भेटून स्वतःच्या तोंडानं सांगा. लग्नाआधी."

ध्रुवनं मान खाली घालूनच होकार दिला.

"आणि तिनं मोडलं तर?" सासूबाई किंचाळल्या. "तू आमची आहेस की त्या पोरीची?"

"मी नर्स हाय, आई," ऋतुजा म्हणाली, आणि पोह्यांच्या ताटल्या उचलून मोरीकडे गेली.