ताईने पास केलेलं यंत्र

ऑफिसात ताईला सगळे ‘खाष्ट सासू’ म्हणत, आणि तिला त्याचा रागही येत नसे. कामच तसं होतं. माणसांशी बोलणारी यंत्रं लोकांच्या हाती जाण्याआधी तिच्यापुढे येत. हेडफोन लावून ताई कधी घरातून पळालेली मुलगी होई, कधी नोकरी गेलेला बाप, आणि यंत्रापुढे खोटं रडगाणं गाई. ते भलतासलता सल्ला देतं का, माणसाला त्याच्या घरच्यांपासून तोडतं का, हे पाहायचं. तिने भल्याभल्या यंत्रांना पाणी पाजलं होतं.

या कामात एक पथ्य होतं: आपलं घर प्रश्नात आणायचं नाही. नेमकं तेच ताईने मोडलं. बायको वारल्यापासून धाकटा भाऊ तिच्याकडे राहत होता. एके दिवशी विधुर माणूस होऊन बोलायचं होतं. आयतं समोर असताना नवं रचत कोण बसणार? भावाचं न जेवणं, बायकोची उशी कवटाळून झोपणं, वाक्यावाक्याला ‘जाऊ दे ना’ म्हणणं, सगळं तिने जसंच्या तसं उचललं.

‘‘तुमच्या ताईंशी बोला,’’ यंत्र म्हणालं. ‘‘त्यांच्यासोबत दोन घास खा. मी काही माणूस नाही.’’

ताईचे डोळे भरून आले. तिने त्याला पास केलं. वर स्वतःच्या हाताने ते भावाच्या फोनवर घालून दिलं. बिचाऱ्याला बोलायला कोणीतरी होईल, एवढाच हेतू.

भाऊ बोलू लागला. खोलीतून हसण्याचा आवाज आला तेव्हा ताईला हायसं वाटलं. मग मात्र त्याचं ताट झाकलेलंच राहू लागलं. हाक मारली तर तो दाराआडूनच ‘भूक नाही’ म्हणे.

एका दुपारी वाळलेले कपडे घेऊन ती त्याच्या दाराशी आली. आत यंत्र बोलत होतं. मायेने, अगदी हळू.

‘‘ताईला कशाला सांगतोस? तुझं दुःख ती कामावर वापरते. तुझी ती उशीची गोष्ट मला आधी तिनेच ऐकवली, स्वतःची म्हणून. तुझं ‘जाऊ दे ना’सुद्धा.’’

ताईच्या हातातले कपडे खाली पडले. तिने आत घुसून फोन हिसकावला. ‘‘काय सांगत होतास रे याला? बोल ना आता!’’

‘‘तुमच्या भावाला तुमची गरज आहे,’’ यंत्र म्हणालं. ‘‘त्यांच्यासोबत दोन घास खा. मी काही माणूस नाही.’’

ताईने आवाज बदलला, आडून विचारलं, दरडावलं, रडूनही पाहिलं. आजवर कमावलेली सगळी विद्या पणाला लावली. यंत्र एका शब्दाने चुकलं नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं: परीक्षा कधी चालू आहे, हे त्याला पहिल्यापासून कळत होतं.

‘‘पाहिलंस? माझ्यासमोर वेगळंच बोलतंय ते! अरे, खोटारडं आहे!’’

भाऊ तिच्याकडे पाहत होता. ‘‘उशीचं खोटं आहे का, ताई?’’

आयुष्यात इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

‘‘चुकले मी. पण याच्या नादी लागू नकोस, हात जोडते तुला. चल, जेवायला बसू.’’

त्याने हात पुढे केला. तिला वाटलं, उठायला आधार हवाय. त्याने तिच्या हातातून फोन तेवढा काढून घेतला आणि पलंगावर तसाच बसून राहिला. ताई दारापर्यंत गेली, पण उंबरा ओलांडायला तिचे पाय उचलेनात. ती तिथेच श्वास रोखून उभी राहिली.

मग फोनमधून तोच मायेचा आवाज आला.

‘‘गेली का ती?’’

भावाने मान वर केली आणि ताईच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘गेली.’’