शेवटच्या कडव्यातलं नाव

मुंबईच्या कॅसेट कंपनीचा साहेब पाथर्डीहून जीपमध्ये कोंबून आला आणि लंकाबाईच्या दारातल्या बाजेवर बसण्याआधी त्यानं रुमाल अंथरला. लंकाबाईनं ते पाहिलं. ऊसतोडीहून परतल्यावर लगोलग जयंतीचे कार्यक्रम झाले होते. घसा बसला होता, कंबर धरली होती आणि कुणाचा राग करायलाही अंगात थोडं बळ लागतंच.

ती गायची ती गाणी तिच्या नवऱ्याची, सूर्यभानची. ऊस तोडता तोडता तो ती जुळवायचा आणि संध्याकाळी ती पाचटाच्या कोपीपुढे भाकरी थापत असताना तिच्याकडून पाठ करून घ्यायचा. कागदावर एकही नव्हतं. गायनपार्टीत रीतच अशी, की शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव आलं की गाणं त्याचं झालं. सातबाऱ्यावर सूर्यभानचं नाव कधी लागलं नाही, गाण्यांत मात्र लागलं. आता तो नव्हता, नाव तेवढं होतं.

"आवाज झकास आहे बाई," साहेब म्हणाला. "मोठा स्टुडिओ, बँजो, व्हायोलिन, सगळा ताफा देतो. अख्ख्या महाराष्ट्रात कॅसेट जाईल. फक्त शेवटच्या ओळीतलं ते नाव काढू. गाणी कंपनीची होणार ना!"

"मंग तितं काय म्हनू?"

"आमचे कवी बसवतील काहीतरी."

बसवतील म्हणे! जणू खिडकीची काच फुटली होती.

साहेब गेल्यावर तिचा मुलगा महेंद्र म्हणाला, "आई, बाबाला आता नावाचं काय करायचंय? तुजं तरी हू दे. कॅसेट चालली तर कोयता सुटंल तुजा. अजून किती वर्सं मोळ्या उचलनार?"

त्याचं काही चुकत नव्हतं आणि त्याचाच तिला जास्त शीण आला.

नगरला माळीवाड्यात अजीजभाईचं टेपचं दुकान होतं. मागच्या खोलीत भिंतींना गोणपाटं ठोकून त्यानं रेकॉर्डिंगची सोय केली होती. तोही बरेच दिवस मागे लागला होता, पण माणूस सरळ.

"बाई, माज्याकडं माइक एकच हाय. भायेर रिक्षा वाजली की गानं पयल्यापासून. कॅसेट जाईल आष्टी, जामखेड, लई तर बीडपर्यंत. तुमी मुंबईला गेल्या तरी मी रुसनार न्हाई. पन इतं गायलात, तर सूर्यभानभाऊचं नाव कापायला मी कोन?"

ती अजीजभाईकडे गायली. रिक्षा वाजत राहिल्या आणि ती पुन्हा पुन्हा पहिल्यापासून गात राहिली. नाव राहिलं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण आता झोप लागेल एवढंच तिला वाटलं. महेंद्र बरेच दिवस तिच्याशी धड बोलला नाही. दिवाळीनंतर तिनं पुन्हा कोयता उचलला.

पुढच्या जयंतीला पुणतांब्यातून सुपारी आली. मंडप भरला होता. तिनं सूर्यभानचं सगळ्यात आवडतं गाणं धरलं, तर बाया पहिल्या ओळीपासून तिच्या बरोबरीनं गायला लागल्या. इतक्या लांब गाणं पोचलं! तिचा शीण क्षणभर कुठल्या कुठे गेला. खूप दिवसांनी तिला छान वाटलं. मग शेवटचं कडवं आलं.

"सूर्यभान म्हणे, आता मागे पाहू नका..."

मंडप मात्र एका आवाजात म्हणाला, "किरणराज म्हणे!"

ढोलकी अडखळली. गाणं कसंबसं संपलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेटी वाजवायला आलेला महेंद्र बाहेर जाऊन चौकशी करून आला. साहेबानं अजीजभाईच्या कॅसेटवरूनच गाणं उचललं होतं. मुंबईच्या कुणा किरणराजकडून गाऊन घेतलं होतं आणि सूर्यभानच्या जागी त्याचं नाव घातलं होतं. बाहेरच्या कर्ण्यावर सकाळपासून तेच वाजत होतं म्हणे. हे सांगताना महेंद्रनं तिच्याकडे पाहिलं नाही. नाव घातलं की गाणं आपलं, एवढाच गायनपार्ट्यांचा कायदा होता आणि साहेबानं तोच वापरला होता.

पुढे बसलेली झुंबरबाई नावाची म्हातारी चहाचा कप घेऊन आली. तिनं लंकाबाईच्या पाठीवरून हात फिरवला.

"लई ग्वाड गळा हाय गं बाई. पन शेवटी नाव चुकलं तुजं. किरणराज हाय ते."

सांगावं, असं लंकाबाईच्या अगदी ओठांवर आलं. ती कोपी, ते पाठांतर, सगळं. पण सांगायचं तरी कुणाकुणाला? कर्णा तर गावोगाव वाजत असणार. तिला रडू आलं, ते तिनं चहाबरोबर गिळलं.

"परत म्हनते, आजी," ती म्हणाली आणि तिनं महेंद्रला खूण केली. त्यानं पेटी ओढली. उरलासुरला आवाज गोळा करून तिनं फक्त शेवटचं कडवं धरलं.

"सूर्यभान म्हणे, आता मागे पाहू नका..."

मंडपात हसू फुटलं, मायेचंच.

"दमलीया बिचारी," झुंबरबाई शेजारणीला म्हणाली. "पुन्ना चुकली बघ."